गोष्ट वर्गातल्या बाकीच्या मुलांसाठी

दत्तक म्हणजे काय, हे मराठी मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून फार लवकर कळतं. डलहौसीने दत्तक वारसा नामंजूर केला आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. झाशीच्या राणीने पाठीशी बांधलेला दामोदरराव दत्तक होता. नानासाहेब पेशव्यांना दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आला, त्यांना आपण राजर्षी शाहू म्हणतो. परीक्षेत यावर प्रश्न येतात, मुलं उत्तरं लिहितात, गुण मिळवतात. यांच्यापैकी कुणाबद्दलही ‘पण त्यांची खरी आई कोण?’ असं कुणी कुजबुजत नाही.

आणि त्याच वर्गात, मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता एक मुलगी दुसरीला विचारते, “तुला आश्रमातून आणलंय ना? माझी मम्मी आजीला सांगत होती.”

दत्तक मुलाला त्याची गोष्ट कशी सांगावी, यावर आपल्याकडे आता बऱ्यापैकी विचार झाला आहे. नीलिमा मेहता यांचं ‘अवर्स बाय चॉइस’ हे पालकांसाठीचं पुस्तक १९९२ मधलं. शिशुगृहांतल्या समाजसेविका गृहभेटीच्या वेळीच पालकांना विचारतात, ‘सांगणार ना? कधी सांगणार?’ डबा उघडता उघडता तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मात्र कुणीच काही सांगितलेलं नसतं. तिने ते स्वयंपाकघरातल्या दबक्या आवाजातून उचललेलं असतं, आणि आवाज दबका असल्यामुळे हे काहीतरी वाईट असणार, एवढं तिला बरोबर कळलेलं असतं. हा लेख मुख्यतः तिच्या आईबाबांसाठी आणि तिच्या बाईंसाठी आहे.

राजघराण्यातलं दत्तक उघड आणि चाळीतलं, फ्लॅटमधलं दत्तक झाकलेलं, असं का झालं? जुनं दत्तकविधान मुळात मुलासाठी नव्हतंच. ते गादीसाठी, वतनासाठी, पिंडदानासाठी होतं. रूढ हिंदू कायद्यात मुलगाच दत्तक घेतला जाई, तोही शक्यतो भाऊबंदांतला, आणि तो समारंभाने, चार लोकांच्या साक्षीने. साक्ष नसेल तर वारसा टिकायचा नाही, म्हणून लपवून चालणारच नव्हतं. मुलालाही आपण कुठून आलो ते ठाऊक असे. सयाजीराव बडोद्याला गेले तेव्हा बारा वर्षांचे होते, त्यांना काय लपवणार? मुलगी दत्तक घेणं आणि स्त्रीने स्वतःच्या नावावर दत्तक घेणं हे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने शक्य झालं.

गुप्तता आली ती अनोळखी घरातलं मूल दत्तक घ्यायला लागल्यावर. इथे दोन लाजा एकत्र आल्या. एकीकडे लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीची, दुसरीकडे मूल न होणाऱ्या बाईची. दोघींना झाकायचं तर मुलाची गोष्टच झाकावी लागे. मग रंग जुळतो का, नाक जुळतं का ते बघून मूल पसंत करायचं, बदली मागून घ्यायची, नव्या गावात गेल्यावर जुन्या शेजाऱ्यांशी संबंध ठेवायचे नाहीत. पोटाला उशी बांधून गरोदरपण दाखवल्याचेही प्रकार झाले आहेत. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क स्वतः दत्तक पिता होते. १९६४ मध्ये आलेल्या ‘शेअर्ड फेट’ या पुस्तकात त्यांनी असे दोन रस्ते सांगितले होते: आपलं कुटुंब इतरांसारखंच आहे असं भासवायचं, किंवा ते थोडं वेगळ्या तऱ्हेने घडलंय हे मान्य करायचं. दुसरा रस्ता धरणाऱ्या घरांत आईबाप आणि मूल एकमेकांशी जास्त मोकळे असतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे हा दुसरा रस्ता कर्कच्या शंभर वर्षं आधी चालून दाखवलेला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला म्हणून वाढवला, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांत सावित्रीबाईंवर भाषणं होतात. त्यांत शेणाचा, दगडांचा, लुगड्यांचा उल्लेख असतो. यशवंताचा क्वचितच. दुसरीतल्या मुलांना दत्तक समजावून सांगायला याहून सोपा धडा मला तरी सुचत नाही, आणि तो हाताशी पडून आहे.

आता मुलांच्या डोक्यात काय चालतं ते पाहू. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते तेरा वर्षांची दोनशे मुलं, काही दत्तक, काही नाही. प्रत्येकाला एकेकटं बसवून विचारलं: दत्तक म्हणजे काय, लोक दत्तक का घेतात? उत्तरं वयाप्रमाणे पायरीपायरीने बदलत गेली. गंमत अशी की स्वतः दत्तक असलेली आणि नसलेली, यांच्या समजेत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे ज्यांना घरी सांगितलेलं होतं त्यांनाही ते वयाआधी कळलं नव्हतं.

चार वर्षांचं मूल ‘मी दत्तक आहे’ हे आनंदाने, पाहुण्यांसमोर, दोनदा सांगतं. पाढा पाठ असणं आणि गुणाकार कळणं यांत जेवढं अंतर तेवढंच इथे असतं, आणि पालक मात्र त्या पाढ्यावर खूश होऊन विषय संपला असं समजतात. सहाच्या आसपास मुलाला कळतं की घरात यायच्या वाटा दोन आहेत, जन्माची आणि दत्तकाची. आठ-नऊच्या पुढे हिशेब उलटा मांडता येऊ लागतो: मी इथे आलो, म्हणजे कुठून तरी निघालो, यांनी मला घेतलं, म्हणजे कुणीतरी दिलं. हसतखेळत सगळं ऐकून घेणारं पोर अचानक गप्प होतं, चिडतं, ‘तू माझी आई नाहीस’ म्हणून दार आपटतं. आईला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. खरं तर मुलाची बुद्धी वाढली आहे, आणि तिच्याबरोबर दुःखही आलंय. म्हणून सांगणं हा एका संध्याकाळचा कार्यक्रम नव्हे. तीच गोष्ट तिसऱ्या, सातव्या, अकराव्या वर्षी पुन्हा सांगावी लागते, आणि दर वेळी तिच्यात आणखी एक खरी गोष्ट घालावी लागते.

कोणती गोष्ट सांगायची, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे कृष्ण हुकमी आहे: कृष्णाला दोन आया होत्या, देवकी आणि यशोदा, तुलाही दोन. तिसऱ्या वर्षी हे चालतं. पण मुलं गोष्ट शेवटपर्यंत ऐकतात. पुढे अक्रूर रथ घेऊन येतो आणि कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला, जन्मदात्या आईबापांकडे जातो. यशोदा मागे राहते. मुलाने ‘मला न्यायला रथ कधी येणार?’ असं विचारलं तर ते काही अजब नाही. त्यापेक्षा दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मी कर्ण सांगेन, लोक कचरतात तरी. उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण म्हणतो की राधेने माझं मलमूत्र काढलं, तिला मी कसा नाकारू? आईपण कशात असतं, याचं इतकं रोखठोक उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे ‘आम्ही तुला निवडलं’. ही अमेरिकेत १९३९ मधल्या ‘द चोझन बेबी’ या पुस्तकाने घराघरात पोचवली आणि तिथून सगळीकडे गेली. ऐकायला गोड, पण निवडलेली वस्तू परत करता येते, हे मॉलमध्ये वाढणाऱ्या मुलाला कुणी सांगायला हवं? शिवाय ते खरंही नाही. आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, गृहभेटीचा अहवाल चढवायचा, आणि मग वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं. पाळी आली की मुलाची माहिती दिसते आणि ४८ तासांत हो-नाही कळवायचं असतं. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, आणि थांबलेल्या पालकांची संख्या याच्या कितीतरी पट आहे. ‘आम्ही तुझी खूप वाट पाहिली, मग एक दिवस फोन आला’ ही गोष्ट निवडण्याहून चांगली आहे, आणि खरी आहे.

‘तुझी आई गरीब होती म्हणून’ हेही सावधपणे. बाबांची नोकरी गेली की या मुलाच्या पोटात गोळा येतो. ‘तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं’ याचा अर्थ मूल असा लावतं की फार प्रेम झालं की देऊन टाकतात. समाजसेविका एक साधं वाक्य सुचवतात, ते मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं: तुला जन्म दिलेल्या आईला तेव्हा कुठलंच बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. ‘कुठलंच’ म्हटल्यामुळे दोष बाळाकडे जात नाही. मोठ्या मुलाला कायदाही सांगता येतो. मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलण्यासाठी ६० दिवस असतात. कुठेतरी सापडलेल्या बाळाच्या घरच्यांचा आधी शोध घेतला जातो आणि मगच बालकल्याण समिती ते दत्तक द्यायला मोकळं आहे असं जाहीर करते. आणि एकदा दत्तक झालं की झालं. रागावून, मार्क कमी पडले म्हणून, कुणी परत पाठवू शकत नाही. हे शेवटचं वाक्य मुलं पुन्हा पुन्हा ऐकू इच्छितात. अठराव्या वर्षी आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, हेही सांगावं. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते मिळत नाही, आणि हेसुद्धा आधीच सांगितलेलं बरं. शिशुगृहातल्या मावशींनी ठेवलेलं नाव, तिथला एखादा फोटो, बरोबर आलेलं झबलं, आदेशाची प्रत, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवावं आणि ती फाइल मुलाच्या हाताला येईल अशा कपाटात असावी.

आता वर्गातली बाकीची मुलं. त्यांना सांगायला फार कमी लागतं. ‘काही आया बाळाला जन्म देतात पण सांभाळू शकत नाहीत. काही माणसांना बाळ हवं असतं. मग सरकारी कचेरीतली माणसं नीट चौकशी करतात आणि ते बाळ त्या घरचं होतं. कायमचं.’ पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. मग ते जो प्रश्न विचारतं, तो कानाला एक वाटतो आणि असतो दुसराच. “तिची आई तिला का सोडून गेली?” या प्रश्नाखाली बहुतेक वेळा “तू मला सोडून जाशील का?” हा प्रश्न असतो. तेव्हा मोठं भाषण न देता आधी त्याचं उत्तर द्यावं: “नाही. मी कुठे जाणार नाहीये.” आणि मग, “ती गोष्ट तिची आहे. तिला वाटलं तर ती सांगेल, नाही वाटलं तर नाही. आपण विचारायचं नाही.” लहान मुलांना ‘हे माझं आहे’ फार चांगलं कळतं. खोडरबराला लागू होतं ते गोष्टीलाही होतं, हे त्यांना पटतं.

‘खरी आई’ म्हटलं तर तिथल्या तिथे सांगायचं, जी रात्री ताप बघते ती आई, दुसरी जन्म देणारी आई. रागवायचं नाही. मूल ते कुणाकडून तरी ऐकून आलेलं असतं.

आणि तो बोहारणीचा विनोद. ‘तुला ना, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय’ असं ज्याला मोठ्या भावाने सांगितलं नाही असं मराठी धाकटं भावंड विरळाच. आपण रडलो, मग आईने जवळ घेतलं, मग सगळे हसले. यावर बंदी आणा असं म्हणायला मी धजत नाही. मात्र हा विनोद चालतो कशावर? बाहेरून आलेलं मूल थोडं कमी आपलं, या गृहीतावर. वर्गात तो झाला आणि हसणाऱ्यांत एक जण हसला नाही, तर बाईंनी ते पाहिलेलं असावं.

शाळेचा अभ्यासक्रमही नकळत चिमटे काढतो. वाढदिवसाला तान्हेपणीचा फोटो आणा. दोन वर्षांची होऊन घरी आलेल्या मुलीकडे तो नसतो. वंशवृक्ष काढा. आईचे डोळे की बाबांचे, तुमचं नाक कुणासारखं, ते लिहा. ‘आईच्या पोटात’ हा प्रकल्प. यातलं काहीच वाईट नाही, फक्त दुसरी वाट ठेवायची: ‘लहानपणीचा कोणताही फोटो’, ‘तुझ्या घरातली माणसं आणि प्रत्येकाकडून शिकलेली एक गोष्ट’. एक मात्र अजिबात करू नये. वर्गात दत्तकाचा विषय काढून एखाद्या मुलाकडे बोट दाखवू नये, कौतुकानेसुद्धा. उदाहरण पुस्तकातलं घ्यावं. एनसीईआरटीच्या तिसरीच्या जुन्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या कुटुंबांवर एक धडा होता. त्यात चेन्नईची तारा आहे. ती आई आणि आजोबांबरोबर राहते. आईने लग्न केलेलं नाही आणि ताराला दत्तक घेतलंय. धड्यात यावर उपदेश नाही, कुणी रडत नाही.

दत्तकाचा विषय एकटा काढण्यापेक्षा ‘घरं किती तऱ्हेची’ या विषयात तो आला तर सोपा जातो. यासाठी परदेशी चित्रपुस्तकं मागवायची गरज नाही. आपल्याच राज्यात दिवाळीच्या आसपास बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’च म्हणतात. मागे राहिलेली मुलं वसंत सरेपर्यंत आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांच्या घरात त्या महिन्यांत कोण? आजी. कोकणात कुणाचे बाबा मुंबईला, कुणाचे आखातात. विदर्भात बाप गेल्यावर शेती आणि पोरं एकटीने ओढणाऱ्या आया आहेत. कोविडने दोन्ही पालक नेले तेव्हा राज्याने २०२१ मध्ये त्या मुलांच्या नावे पाच लाख रुपये ठेवले, पण रोज डबा भरून दिला तो मावशीने, काकाने, आत्याने. अशा सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी बालसंगोपन योजना आहे; तिची रक्कम २०२३ मध्ये महिन्याला २,२५० रुपये झाली. कुणाच्या घरी सावत्र आई आहे आणि ती गोष्टीतल्यासारखी अजिबात नाही. आई-बाबा आणि दोन मुलं हे चौकटीतलं चित्र खुद्द महाराष्ट्रातही किती घरांचं आहे, असं विचारायला हरकत नाही.

न्यायालयंही यावर बोलली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर चंडीगढच्या एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न होता. नवऱ्याची पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत, म्हणून तिच्या स्वतःच्या बाळासाठी रजा नाकारली होती. न्यायालयाने रजा दिलीच, आणि सांगितलं की कुटुंब म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुलं एवढंच नसतं. एकटा पालक, पुनर्विवाह, दत्तक, लग्नाविना किंवा समलिंगी सहजीवन, ही सगळी कुटुंबंच. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, समलिंगी विवाहाचा हक्क मात्र त्याच न्यायालयाने मान्य केला नाही, आणि अविवाहित जोडप्यांनी मिळून दत्तक घेण्याची मागणी तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. त्यामुळे दोन बायकांनी वाढवलेलं मूल कागदावर आज एकीचंच असतं. वर्गातल्या मुलाला हा खटला समजायची गरज नाही. ‘त्याच्या घरी दोन आया आहेत’ एवढं ऐकल्यावर बहुतेक पाच वर्षांची मुलं विचारतात, मग डबा कोण करतं?

केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक यांनी अशा नाना तऱ्हेच्या कुटुंबांचा काही दशकं अभ्यास केला. घरात किती माणसं, कोण पुरुष कोण बाई, रक्ताचं नातं आहे की नाही, यापेक्षा आपसातला जिव्हाळा कसा आहे आणि बाहेरचं जग त्या घराकडे कसं बघतं, यावर मुलांचं भलं ठरतं, असं त्यांना दिसलं. यातला पहिला भाग पालकांच्या हातात आहे. दुसरा आपल्या सगळ्यांच्या, म्हणजे पालकसभेला येणाऱ्या, व्हॉट्सअॅप गटात ‘त्यांचं दत्तक आहे हं’ असं लिहिणाऱ्यांच्याही.

शाळेला कुठून तरी सुरुवात करायची असेल तर ती प्रवेश अर्जापासून करावी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे राज्यात आता आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावलं जातं. ही मुलं लवकरच बालवाडीत येतील. त्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याशेजारी ‘मुलाला घरी कोण सांभाळतं?’ असा एक रकाना वाढवावा, आणि तो भरून आल्यावर बाईंनी जूनमध्येच वाचावा. पुढे मातृदिनाची कार्डं करताना, ‘पालकांची सही’ मागताना, दिवाळीच्या सुट्टीत ‘मामाच्या गावाला’ निबंध देताना तो कामाला येतो.